एका परवान्यावर दोन कॉम्प्युटर

एसेनकुलला मी नववीत भौतिकशास्त्र शिकवलं आणि दोनदा नापास केलं, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाई आपल्या लाडक्या विद्यार्थ्यावर लिहितायत. लाडका वगैरे तो कधीच नव्हता. शाळेचा अ‍ॅमीटर उघडून त्याने आतला काटा उलटा बसवला होता, आणि का म्हणून विचारलं तर म्हणाला, बघायचं होतं काय होतं ते. आज तो बावन्न वर्षांचा आहे, इथे किरगिझस्तानात, काराकोलच्या छोट्या बाजारामागे त्याची कॉम्प्युटर दुरुस्तीची खोली आहे, आणि दुसऱ्याची वस्तू हातात घेण्याआधी विचारायचं असतं हे त्याला पुरतं कळायला अगदी परवाचा सप्टेंबर उजाडावा लागला.

माणूस सरळ आहे. जाड बोटांचा, कमी बोलणारा, आणि अंगावर कायम दुसऱ्याचे कपडे. त्याचा कोट आमच्या गल्लीतल्या खाटकाचा, बूट गुरांच्या डॉक्टरचे, फरची टोपी त्याच्या चुलत सासऱ्याची. हे तिघेही आता नाहीत. आमच्याकडे माणूस गेला की त्याला शेवटची आंघोळ घालायला नात्यातले चार-पाच जण आत जातात, आणि गेलेल्याचे कपडे त्यांच्यात वाटले जातात. एसेनकुलचा हात स्थिर आहे आणि तो आत रडत नाही, म्हणून चुलत, मावस, सोयरे, सगळेच त्याला बोलावतात. कपडे नाकारायचे नसतात, तो मान असतो. त्यामुळे त्याने आयुष्यात स्वतःसाठी एक कोट विकत घेतला असेल, लग्नात.

हाच नियम त्याने दुकानात लावला. कचेऱ्यांतून मोडीत निघालेले कॉम्प्युटर त्याच्याकडे येत. त्यांच्या पेटीला ऑपरेटिंग सिस्टिमच्या परवान्याचं एक स्टिकर असतं, त्यावर पंचवीस अक्षरं आणि आकडे. एसेनकुल ते हेअर ड्रायरने गरम करून अलगद सोडवायचा आणि एका वहीत चिकटवायचा. मग कुणा गरजूचा कॉम्प्युटर आला की मेलेल्याचा नंबर त्याला द्यायचा. एक नंबर एकालाच. दिला की वहीत त्याच्यावर आडवी रेघ. आमच्या गावात बाकी सगळे बाजारातल्या चोरीच्या डिस्का वापरत होते आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं, त्यामुळे एसेनकुल हा आमच्याकडचा प्रामाणिक माणूस. मी त्याला एकदा सांगितलं होतं की कंपनीच्या नियमाप्रमाणे स्टिकरचा परवाना त्या यंत्राबरोबरच संपतो. त्यावर तो म्हणाला, "बाई, ज्यानं आंघोळ घातली त्याला कपडे. त्या कंपनीत कधी कुणी मरतच नाही का?" मला हसू आलं आणि मी विषय सोडून दिला. सोडायला नको होता.

आता सालकिन. ती माझ्या शेजारची, पस्तिशीतली, एकटी. रशियात कामाला जाणाऱ्यांचे कागद किरगीझमधून रशियनमध्ये करून देते: जन्मदाखले, लग्नाचे दाखले, शाळेची प्रमाणपत्रं. तिचं काम चालतं ते गावातल्या एका नोटरीच्या जिवावर, कारण त्याच्या शिक्क्याशिवाय त्या भाषांतराला काही किंमत नसते. त्या काळात तपासण्या सुरू झाल्या होत्या, कुणाच्या कॉम्प्युटरवर चोरीची सिस्टिम आहे ते बघायला माणसं फिरत होती. नोटरी घाबरट. त्याने बजावलं की माझ्याकडे कागद येतील ते अस्सल सिस्टिमच्या कॉम्प्युटरवरूनच आले पाहिजेत.

सालकिनला त्याची चिंता नव्हती. तिचा धाकटा भाऊ मेदेर नोवोसिबिर्स्कला इमारतींना गिलावा करतो. त्याने तिला कॉम्प्युटर पाठवला आणि त्याच्यासोबत सिस्टिम वेगळी विकत घेऊन पाठवली, दुकानातली, सीलबंद डब्यातली. डब्याला चकाकणारी मोहोर, आत डिस्क, आतल्या बाजूला नंबर. तो डबा तिने काचेच्या कपाटात, पाहुण्यांसाठीच्या पेल्यांच्या शेजारी ठेवला होता. आल्यागेल्याला दाखवायची. माझ्या भावाने घेतला, म्हणायची. आमच्या गल्लीत तसा डबा दुसरा नव्हता, आणि खरं सांगायचं तर गावातही असेल की नाही कोण जाणे.

जानेवारीत थंडी वजा पंचवीसला गेली, सगळ्या घरांत विजेच्या शेगड्या पेटल्या आणि व्होल्टेज नाचायला लागलं. एका दुपारी सालकिनच्या कॉम्प्युटरमधून जळका वास आला आणि पडदा विझला. एसेनकुलने उघडून पाहिलं. मदरबोर्ड जळालेला. तसा बोर्ड इथे मिळत नव्हता, राजधानीत बिश्केकलाही नाही. "हा मेला," तो म्हणाला. सालकिन वैतागली होती, तिच्या दारात तीन माणसं दाखल्यांसाठी उभी होती. ती म्हणाली, ठेवा मग तुमच्याकडेच, मला त्याचं तोंडसुद्धा बघायचं नाही. कॉम्प्युटरबरोबर तिने डबाही दिला होता, दुरुस्तीनंतर डिस्क लागली तर असावी म्हणून. तो परत मागायचं तिला सुचलं नाही. तिने एका मैत्रिणीचा लॅपटॉप मागून आणला आणि काम रेटायला लागली.

एसेनकुलने ऐकलं ते एवढंच: मेला, आणि ठेवा तुमच्याकडेच.

मार्चमध्ये त्याच्या बेगायिमचं लग्न होतं. एकुलती एक मुलगी, तासाभरावरच्या त्यूप गावी दिली. आमच्याकडे मुलीचं आंदण नुसतं पाठवत नाहीत, ते सासरी मांडून दाखवतात. गाद्या, रजया, गालिचे, भांडी, एकेक उचलून सासरच्या बायका उलटसुलट बघतात. आणि सगळं नवं लागतं. एसेनकुलला मुलीला कॉम्प्युटर द्यायचा होता, ती हिशेबनीस होणार होती. नवा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून त्याने सुटे भाग जमवून स्वतः बांधला. पेटी नवी घेतली. पण आत काय घालायचं? वहीतले नंबर सगळे जुन्या सिस्टिमचे. बाजारातली डिस्क मुलीच्या आंदणात? ते त्याच्या हातून होणार नव्हतं. आणि फळीवर मेदेरचा डबा पडून होता.

मी त्या आंदणाला गेले होते. त्याच्या विहीणबाई, उपेल नावाच्या, जिभेला धार असलेली बाई. त्यांनी कॉम्प्युटरच्या पेटीवर बोट फिरवून विचारलं की हा नवा दिसतो खरा, पण आतून? एसेनकुल एरवी अशा वेळी गप्प बसतो. त्या दिवशी छाती काढून म्हणाला, आतली सिस्टिमसुद्धा अस्सल आहे, दुकानातल्या डब्यातली. बायका कौतुकाने बघायला लागल्या. मीही बघितलं आणि मनात म्हटलं, बापाने पोरीसाठी खर्च केला हो. डबा कुठला, हा प्रश्न मला पडला नाही. भौतिकशास्त्र शिकवलं म्हणून डोकं चालतंच असं नाही.

मे महिन्यात मेदेरने तसाच जुळता मदरबोर्ड शोधून एका येणाऱ्या माणसाबरोबर पाठवला. सालकिन तो घेऊन थेट एसेनकुलकडे गेली आणि म्हणाली, बाइके, उठवा माझ्या मेलेल्याला. बाइके म्हणजे थोरला भाऊ, ती त्याला पहिल्यापासून असंच म्हणते. तो काय बोलणार? बोर्ड बसवला. कॉम्प्युटर उठला. आणि उठल्या उठल्या सिस्टिमने सांगितलं की यंत्र बदललेलं दिसतंय, परवाना पुन्हा मंजूर करून घ्या.

हे फोनवरून करता येतं. पडद्यावर चोपन्न आकडे येतात, ते कंपनीच्या फोनवर वाचून दाखवायचे, मग पलीकडून दुसरे आकडे देतात, ते टाकायचे. एसेनकुलने हे काम शंभरदा केलेलं. सालकिन आकडे लिहून घ्यायला वही घेऊन शेजारी बसली, म्हणून त्याला फोन मोठ्या आवाजावर ठेवावा लागला. आधी यंत्राचा आवाज होता, त्याने आकडे घेतले आणि नाकारले. मग एक मुलगी आली, रशियन बोलणारी, फार नम्र. तिने विचारलं, "ही प्रत किती कॉम्प्युटरवर बसवलेली आहे?"

"एका," एसेनकुल म्हणाला.

सालकिन पुढे वाकून फोनमध्ये म्हणाली, "एकाच, मुली, एकाच. माझ्या भावाने घेतलीय, डबासुद्धा इथेच आहे."

मुलीने आकडे दिले. कॉम्प्युटर चालू झाला. एसेनकुलने डबा फडक्याने पुसून सालकिनच्या हातात दिला आणि मजुरी घेतली नाही. ती सगळ्यांना सांगत सुटली की बाइकेंनी माझ्याकडून काही घेतलं नाही, असा माणूस शोधून सापडणार नाही. त्यानंतर तो बाजारात जायला आमच्या गल्लीतून येईनासा झाला, मागच्या कालव्यावरून वळसा घालून जायला लागला. मला वाटलं गुडघे दुखत असतील, डॉक्टरने चालायला सांगितलं असेल. माणूस दुसऱ्याबद्दल किती सोयीचा विचार करतो.

जुलैत ते उघडं पडलं. दोन्ही कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेले, एकच नंबर दोन ठिकाणी, कधीतरी पलीकडे दिसणारच. सालकिनच्या पडद्यावरचं मागचं चित्र गेलं, सगळं काळं झालं आणि कोपऱ्यात ओळ आली की ही प्रत अस्सल नाही. त्या वेळी नेमका नोटरीचा कारकून कागद न्यायला आलेला, तिच्या खुर्चीमागे उभा. त्याने वाचलं. दुसऱ्या दिवशीपासून नोटरीने तिचे कागद घेणं बंद केलं.

तिने मला बोलावलं, एसेनकुलला बोलावलं आणि आमच्यासमोर मेदेरला फोन लावला. ती काय काय बोलली ते सगळं लिहीत नाही. तू मला चोरीचा माल पाठवलास, म्हणाली. लोकांसमोर माझं तोंड काळं केलंस, वर डबा कपाटात मांडायला लावलास. मेदेर पलीकडून सांगत होता की पावती आहे, दुकान मोठं आहे, मी स्वतः जाऊन घेतलं. आणि तेव्हा मी बोलले. मी म्हणजे मीच, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. मी म्हणाले की नोवोसिबिर्स्कच्या बाजारात असले डबे ढिगाने मिळतात, पावतीसकट मिळतात. मला नोवोसिबिर्स्कबद्दल काय माहीत? मी तिथे एकोणीसशे एकोणऐंशी साली आठ दिवस होते.

सालकिनने ते शब्द जसेच्या तसे फोनमध्ये म्हटले. मेदेरने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "एजे, मी तुला कधी खोटं दिलंय का?" एजे म्हणजे ताई. सालकिनने फोन ठेवून दिला.

हे सगळं चालू असताना एसेनकुल कॉम्प्युटरच्या मागे वाकून एक स्क्रू आवळत होता. तो स्क्रू आधीच घट्ट होता. पाच मिनिटं आवळत होता. मग म्हणाला, बघतो काय करता येईल ते, आणि गेला.

मेदेर दर रविवारी फोन करायचा. आईबाप गेल्यापासून त्या दोघांना दुसरं कुणी नाही. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सालकिन म्हणायची, न करू दे, चोराला लाज वाटत असेल. म्हणायची आणि फोन खिशात घालून फिरायची, न्हाणीघरातसुद्धा. असे सात रविवार गेले.

ऑगस्टच्या शेवटी तिने तो डबा चुलीच्या सरपणात टाकलेला मला दिसला. मी उचलून घरी आणला. छापलेला कागद जाळलेला मला सहन होत नाही, ही जुनी खोड. आत बारीक अक्षरांतला करार होता, चष्म्यावर भिंग धरून पुरा वाचला. दिवसभर दुसऱ्यांचे कागद वाचणाऱ्या सालकिनने स्वतःचा कागद कधी उघडलाच नव्हता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: डब्यातून घेतलेला परवाना घेणाऱ्याचा. यंत्र बिघडलं, बदललं, तर तो दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. अट एकच, आधीच्या यंत्रावरून काढायचा, एका वेळी एकाच ठिकाणी ठेवायचा. स्टिकरवाल्या परवान्यासारखा तो यंत्राबरोबर संपत नाही.

मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि मला त्यूपचं आंदण आठवलं. दुकानातल्या डब्यातली, असं तो म्हणाला होता. गावात डबा एकच.

मी तडक त्याच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं, त्याला बाहेर काढलं आणि डबा टेबलावर ठेवला. त्याने टाळाटाळ केली नाही. स्टुलावर बसला, हात मांडीवर ठेवले आणि शाळेत फळ्यापुढे उभा राहून सांगावं तसं सगळं सांगितलं. बोर्ड मेला होता. ती म्हणाली ठेवा. मला वाटलं, दिलं.

"कपडे आपण उचलून घेतो का रे?" मी विचारलं.

"नाही बाई. घरचे देतात. हातात देतात."

"इथे कुणी दिले?"

त्याने डबा हाताने थोडा बाजूला सारला.

"आणि मेलं कोण होतं?"

"बोर्ड."

"लायसन्स बोर्डाचं होतं? वाच इथे. हे सालकिनचं होतं. ती जिवंत आहे, समोरच्या गल्लीत राहते, आणि जिवंत माणसाच्या अंगावरचा कोट काढून तू पोरीला दिलास. वर ती बसलेली असताना तिच्यासमोर फोनवर ‘एका’ म्हणालास."

त्याने कागद वाचला. फार हळू वाचतो तो, ओठ हलवत. मग म्हणाला की फोनवरच्या मुलीने विचारलं तेव्हा दोन असं तोंडात आलं होतं. पण दोन म्हटलं की दुसरा कुठे, हे सालकिन विचारणार, आणि मग बेगायिम. "आंदणात दिलेली वस्तू परत आणणारा बाप मी अजून बघितला नाही, बाई. तिला आयुष्यभर ऐकावं लागेल."

"आणि मेदेरने किती ऐकायचं?"

मी त्याला दोन आठवडे दिले. तूच सांग, म्हटलं, नाहीतर मी सांगते.

त्या दोन आठवड्यांत मी सालकिनकडे रोज चहा प्यायले आणि रोज गप्प बसले. मनाला सांगत होते की कबुली त्याची आहे, त्यानेच द्यायला हवी. ते काही पूर्ण खरं नव्हतं. ती उघड झाली की माझं नोवोसिबिर्स्कचं वाक्यही उघड होणार होतं, आणि सत्तरी ओलांडल्यावर आपण मूर्खासारखं बोललो हे कबूल करणं मला अवघड जातं. तिने दोनदा माझ्यासमोर फोन काढून बघितला आणि परत खिशात घातला. मी पेल्यात बघत राहिले. एका संध्याकाळी तिने विचारलं की बाई, तुम्हाला खरंच वाटतं का मेदेरने फसवलं असेल? मी म्हटलं, साखर दे.

दोन आठवडे भरायला एक दिवस असताना एसेनकुल दारात आला. दाढी केलेली, स्वतःचा लग्नातला कोट घातलेला, तो आता पोटावर लागत नाही. म्हणाला, बाई, चला त्यूपला. सोयऱ्यांकडे एकट्याने जाता येत नाही.

मारश्रुत्काने, म्हणजे वडापच्या छोट्या बसने, तासभर लागला. हातात त्याने मेंढीचं मांस आणि मिठाई घेतली होती. उपेलबाईंनी जेवणाचं कापड, दस्तरखान, अंथरलं, त्यावर तळलेल्या कणकेचे बोरसोक ओतले, लोणी, जर्दाळूचा मुरंबा. बेगायिम रीतीप्रमाणे चहा ओतायला बसली, डोक्याला रुमाल, नव्या सुनेसारखी खाली मान. एसेनकुलने पेल्याला हात न लावता सांगितलं. आंदणातल्या कॉम्प्युटरमध्ये जे अस्सल म्हणालो होतो ते अस्सलच आहे, पण माझं नव्हतं. दुसऱ्या बाईचं होतं, मी न विचारता घेतलं, ते काढायला आलोय.

बेगायिमचा हात किटलीवर थांबला. तिने बापाकडे बघितलं नाही. किटली खाली ठेवली, उठली आणि अंगणात गेली.

उपेलबाईंनी घास संपवला. मग म्हणाल्या, "व्याहीबुवा, मार्चमध्ये देऊन गेलात, सप्टेंबरमध्ये काढायला आलात. आता पुढच्या मार्चमध्ये पोरगी न्यायला येणार का?"

"नाही," एसेनकुल म्हणाला. "ती मी विचारून दिली होती."

बाईंचं तोंड उघडं राहिलं आणि मग त्या हसायला लागल्या. मला त्या बाईबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं. तरी सोडलं नाही त्यांनी. आता आत काय घालणार, असं विचारलं. तो म्हणाला, एक सिस्टिम आहे, सगळ्यांसाठी फुकट असते ती घालतो. फुकटची? बाईंनी दोनदा विचारलं. सुनेच्या आंदणात फुकटची? म्हणाल्या, आमच्या गावात हे सांगू नका हं कुणाला, मी स्वतःच सांगणार आहे. आणि सांगितलंच असणार, त्याबद्दल मला शंका नाही.

दोन तास त्याचं काम चाललं होतं. मी अंगणात बेगायिमकडे गेले. ती नळावर धुतलेले पेले परत धूत होती. म्हणाली, "बाई, मला कॉम्प्युटर नकोच होता. मी त्यांना म्हटलं होतं." एवढंच. निघताना तिने बापाचे बूट दाराशी सरळ करून ठेवले, पण स्वतः आतल्या खोलीतच थांबली. एसेनकुलने बुटांकडे बघितलं, आतल्या दाराकडे बघितलं आणि बूट घातले.

परतताना उतरलो ते थेट सालकिनकडे. तिने नेहमीसारखं बाइके या, बसा केलं. तो बसला नाही. उभ्यानेच सांगितलं, पहिल्यापासून. मीही माझं नोवोसिबिर्स्क सांगून टाकलं, पण ते तिच्या कानावर गेलं की नाही कोण जाणे. ती त्याच्याकडेच बघत होती. ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली नाही.

"तुम्ही फोन केलात तेव्हा मी शेजारी बसले होते ना?" तिने विचारलं.

"होतीस."

"मी म्हणाले ना त्या मुलीला, एकाच आहे म्हणून?"

"म्हणालीस."

"आणि तुम्ही मला म्हणू दिलंत."

मी आयुष्यभर पोरांना वर्गात उभं केलंय, पण त्याचा चेहरा तसा झालेला मी नववीतही बघितला नव्हता. थोड्या वेळाने त्याने विचारलं, फोन लावू? तिने मान हलवली.

या वेळी पलीकडे पुरुष होता, घाईतला. चोपन्न आकडे वाचून झाले. त्याने तोच प्रश्न विचारला. एसेनकुल म्हणाला, "दोनांवर होती. एकावरून आज दुपारी काढली. मे महिन्यात विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

पलीकडचा म्हणाला, "म्हणजे आत्ता किती?"

"आत्ता एका."

"लिहून घ्या."

सालकिनने लिहून घेतलं. तिचे आकडे नेहमी छापल्यासारखे असतात, त्या दिवशी वाकडे आले. एसेनकुलने एकेक टाकले. काळा पडदा गेला, निळा आला, कोपऱ्यातली ओळ गेली. इतकं सोपं होतं ते. अडीच महिन्यांत कधीही करता आलं असतं.

मग त्याने मेदेरचा नंबर मागितला. सालकिन म्हणाली, मी लावते. तो म्हणाला, नाही, मी. आपल्या फोनवरून लावला. मेदेरने उचलला, मागे गिलाव्याचा माल कालवायच्या यंत्राची घरघर होती. एसेनकुलने आपलं नाव सांगितलं आणि सरळ सुरुवात केली. तुझा डबा अस्सल होता. चोरी मी केली. तुझ्या बहिणीने तुला बोल लावले तेव्हा मी तिथे होतो, ऐकत होतो. मध्ये कुठे थांबला नाही, कुठे मऊ केलं नाही, आंदणाची सबबही सांगितली नाही. मी वाट बघत होते की सांगेल. नाही सांगितली.

घरघर बंद झाली. मेदेर म्हणाला, "बाइके, झालं तुमचं बोलून?"

"झालं."

"मग फोन एजेकडे द्या."

सालकिन फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आम्ही दोघं बाहेर बसलो. भिंतीपलीकडून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एसेनकुल दाराकडे बघत होता. पाऊण तास झाला. मी म्हटलं, चल आता, ती येईल तेव्हा येईल. तो म्हणाला, माझा फोन आहे बाई आत. म्हणून बसलो. शेवटी दार उघडलं, तिने फोन त्याच्या हातात दिला आणि चूल पेटवायला गेली. बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. आमच्याकडे कुणालाही घरातून निघताना भाकरीचा तुकडा तोंडात टाकल्याशिवाय जाऊ देत नाहीत. ती भाकरी घेऊन आली नाही. त्याने बूट घालायला बराच वेळ लावला, मग गेला.

नोटरीने पुढच्या आठवड्यात तिचे कागद परत घ्यायला सुरुवात केली. मेदेर रविवारी फोन करतो. सालकिनचा कॉम्प्युटर आता एसेनकुलकडे जात नाही, बाजारातल्या दुसऱ्याकडे जातो. तो दुसरा त्याच्याइतका हुशार नाही, ते तिलाही माहीत आहे. रस्त्यात भेटली तर ती त्याला नमस्कार करते, पण बाइके म्हणत नाही. वहीत स्टिकर अजून आहेत. नवीन लावताना मात्र तो आता कचेरीत जाऊन विचारतो की हे मी ठेवू का, आणि तिथले कारकून त्याला वेडा समजतात.

माझ्याकडे तो अधूनमधून येतो, काहीतरी दुरुस्त करायचं निमित्त काढून. माझ्याकडे दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही. चहा घेतो आणि तोच प्रश्न विचारतो: त्या दिवशी पाऊण तास ती दोघं माझ्याबद्दल काय बोलली असतील? त्याला वाटतं मेदेरने त्याला शिव्या घातल्या, किंवा सालकिन रडली, किंवा दोघांनी मिळून काही ठरवलं. दर वेळी नवीन काहीतरी धरून येतो.

मला माहीत आहे ते काय बोलले. सालकिनने मला सांगितलंय. थंडीचे बूट घेतलेस का, असं तिने विचारलं. अंगणातलं जर्दाळूचं झाड यंदा आलं का, असं त्याने विचारलं. गिलाव्याच्या मुकादमाबद्दल बोलले, आईच्या आठवणीच्या जेवणाबद्दल बोलले, कुणाला बोलवायचं आणि मेंढी कुठून घ्यायची. एसेनकुलचं नाव कुणीच काढलं नाही. त्या पाऊण तासात त्याच्यासाठी जागाच नव्हती.

हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगायला हवं, हे कळतं. प्रत्येक वेळी तो पेला खाली ठेवतो, विचारतो, आणि मी म्हणते, मला काय माहीत, मी तर तुझ्याच शेजारी बसले होते.